मक्याच्या सापाच्या पिलाचें संगोपन

साप आणि पाळणें हे दोन शब्द मराठी माणसाच्या तोंडीं एकत्र येतात ते बहुधा गारुड्याच्या पेटाऱ्यापुरतेच. अमेरिकेंत व युरोपांत मात्र दिवाणखान्यांत कांचेची पेटी मांडून तींत साप बाळगणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत. त्या देशीं स्थायिक झालेल्या मराठी घरांतलें एखादें शाळकरी मूलही वाढदिवसाला साप मागतें, आणि पुण्यामुंबईहून नातवंडांना भेटावयास गेलेल्या आजीआजोबांना अचंबा वाटतो. हा साप बहुतेक वेळां कॉर्न स्नेक, म्हणजे मक्याचा साप, असतो. त्याचें नुकतेंच घरीं आणलेलें पिलूं पहिल्या कांहीं आठवड्यांत कसें सांभाळावें, हा प्रस्तुत भाषणाचा विषय होय. अशा पिलास हेळसांडीइतकाच अति लाडाचाही धोका असतो, म्हणून त्याचा थोडा तपशिलानें विचार करणें अवश्य आहे.

मक्याचा साप मूळचा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागांतला. न्यू जर्सीपासून खालीं फ्लॉरिडापर्यंत आणि पश्चिमेस लुइझियानापर्यंत तो आढळतो. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस यानें १७६६ सालीं त्याला ‘गुट्टाटस’, म्हणजे ठिपकेदार, हें लॅटिन नांव दिलें, तें अद्यापि चालू आहे. मक्याशीं त्याचा संबंध कसा जोडला गेला याविषयीं दोन समजुती आहेत. शेतकऱ्यांच्या मक्याच्या कोठारांत उंदरांमागें तो येई म्हणून, असें कोणी म्हणतात. तर त्याच्या पोटावरील काळ्यापांढऱ्या चौकटी रंगीत मक्याच्या दाण्यांसारख्या दिसतात म्हणून, असें दुसरे सांगतात. साप बिनविषारी आहे. भक्ष्याला विळखा घालून तो त्याचा प्राण घेतो. आपल्याकडील तस्कर हा त्याचा दूरचा भाऊबंद. एके काळीं दोघांची गणना एकाच प्रजातींत होत असे.

अंड्यांतून बाहेर पडलेलें पिलूं पेन्सिलीएवढ्या जाडीचें, वीतभर किंवा थोडें अधिक लांब आणि वजनानें जेमतेम पांचसात ग्रॅमचें असतें. आई अंडीं घालून निघून गेलेली असते. त्यामुळें जन्मापासून त्याला कोणाचेंच छत्र नाहीं. पक्षी, मोठे साप, रानांतले लहानमोठे शिकारी, सर्वांच्या दृष्टीनें तें एक घास आहे. लपून राहणें हाच त्याच्या जीविताचा आधार. ही एक गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे त्याच्या संगोपनाचे बहुतेक नियम आपोआप सुचूं लागतात. मोठा हात वरून खालीं येऊं लागला कीं पिलूं इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी मान वळवितें, शेपटी थरथरवितें, क्वचित् चावतेंही. मुलें त्याला रागीट म्हणतात. वास्तविक तें भ्यालेलें असतें. त्या चाव्यानें ओरखड्याहून अधिक इजा होत नाहीं.

सबब पेटी आधीं सिद्ध करावी आणि पिलूं मागाहून आणावें. आरंभीं हातभर लांबीची पेटी पुरे. पूर्ण वाढ झाल्यावर मात्र सुमारें १२० सेंटिमीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद जागा द्यावी लागते. झांकण घट्ट व कडीचें असावें, कारण ज्या फटींतून डोकें जातें तींतून सगळा साप जातो. आणि पळालेलें पिलूं पुस्तकांच्या कपाटामागें शोधणें हें रात्ररात्र जागविणारें काम आहे. तळाशीं ॲस्पेनच्या लाकडाचा भुसा तीनचार बोटें जाड पसरावा. सीडरचा भुसा घालूं नये. त्यांतील सुवासिक तेलें सापाला बाधतात.

उष्णतेची व्यवस्था सर्वांत महत्त्वाची. सापाचें रक्त आपल्यासारखें स्वतः उबदार राहत नाहीं. खाल्लेलें अन्न पचविण्यासाठींही त्याला बाहेरची ऊब लागते. पेटीची एक बाजू २९ ते ३१ अंश सेल्सिअस आणि दुसरी २२ ते २४ अंश असावी, म्हणजे पिलूं आपल्या गरजेप्रमाणें जागा बदलतें. तापक नेहमीं थर्मोस्टॅटला जोडलेला असावा. तो नसेल तर पोटाचें कातडें भाजून निघतें, आणि साप वेळीं उठून बाजूला होईलच असा भरंवसा नाहीं. दोन्ही बाजूंस एकेक लपण्याची जागा हवी. एकच असली तर पिलूं ऊब आणि निर्भयता यांपैकीं एकच पत्करतें व बहुधा निर्भयता पत्करून थंडींत कुडकुडत बसतें. पाण्याचें जड भांडें ठेवावें व पाणी रोज बदलावें. दुधाची वाटी नागपंचमीच्या श्रद्धेपोटीं कोणी ठेवील तर ती उचलून घ्यावी. दूध हें सापाचें अन्न नव्हे, तें त्याला पचतही नाहीं.

पिलूं पेटींत सोडल्यावर आठवडाभर त्याला हात लावूं नये. पाणी बदलावें, घाण काढावी, आणि झांकण लावावें. घरीं आलेल्या पाहुण्यांना दाखविण्यासाठीं लपण्याचें भांडें उचलण्याचा मोह होतो, तो आवरावा. या आठवड्यांत पिलूं दिसलेंच नाहीं तर सारें सुरळीत चाललें आहे असें समजावें.

पांचसात दिवसांनीं पहिलें अन्न द्यावयाचें. येथें पुष्कळ घरांची खरी कसोटी लागते. साप केवळ मांसाहारी आहे. पिलाचें अन्न म्हणजे नुकतेंच जन्मलेलें, केंस न फुटलेलें उंदराचें पिलूं. तीं गोठविलेलीं विकत मिळतात व बर्फाच्या कपाटांत ठेवावीं लागतात. ज्या घरांत ही कल्पना सहन होणार नाहीं त्या घरानें हा छंद धरूं नये, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. सापाला शाकाहारी करण्याची युक्ति नाहीं. गोठलेलें पिलूं रात्रभर थंड कपाटांत वितळूं द्यावें, मग गरम पाण्यांत धरून अंगाएवढें कोमट करावें, आणि लांब चिमट्यानें पुढें करावें. तें सापाच्या मधल्या भागाच्या जाडीएवढें किंवा किंचित् मोठें असावें. पांच ते सात दिवसांनीं एक, हें प्रमाण ठीक. खाल्ल्यावर पुरते दोन दिवस सापाला उचलूं नये. उचलल्यास तो अन्न ओकून टाकतो. तसें झाल्यास निदान दहा दिवस पोटाला विश्रांति द्यावी आणि मग आधींपेक्षां लहान घास द्यावा. लहान पिलाच्या जिवावर बेततें तें पुष्कळदां या ओकण्याच्या पुनरावृत्तीनें.

पिलानें पहिल्या वेळीं अन्न नाकारलें तर घाबरूं नये. ऊब मोजून पाहावी, आडोसा वाढवावा, चारपांच दिवस पेटीकडे फिरकूं नये, आणि पुन्हा संध्याकाळीं प्रयत्न करावा. ग्रॅम दाखविणारा लहान तराजू ठेवून दर आठवड्याचें वजन वहींत टिपावें. वजन टिकून असेल तर धीर धरावा; घटत चाललें, श्वासाला आवाज येऊं लागला किंवा पाण्याच्या भांड्यांत काळे बारीक किडे तरंगतांना दिसले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचें ज्ञान असलेला पशुवैद्य गांठावा. विकत घेतांनाच तीनचार वेळां खाल्लेलें पिलूं मागितलें, तर यांतील निम्मी काळजी वांचते.

कांहीं आठवड्यांनीं त्याचे डोळे निळसर धुरकट होतात. हा आजार नव्हे. कात टाकण्याची ती पूर्वतयारी. या काळांत त्याला नीट दिसत नाहीं, म्हणून हात लावूं नये. ओलसर शेवाळ घातलेली एक डबी पेटींत ठेवावी. कात नाकापासून शेपटीपर्यंत अखंड सुटावी; तुकडे पडले तर हवा कोरडी आहे असें जाणावें.

दोनतीन वेळां नीट खाल्ल्यावर पिलाला हातीं घेण्यास हरकत नाहीं. वरून झडप न घालतां बाजूनें हात न्यावा, अंगाखालून उचलावें आणि पांच मिनिटांत परत ठेवावें. नंतर हात साबणानें धुवावे, कारण निरोगी सापाच्या अंगावरही साल्मोनेला जंतु असूं शकतात. पांच वर्षांखालील मुलांच्या हातीं साप देऊंच नये.

हा साप चांगल्या निगेनें पंधरा ते वीस वर्षें जगतो. आठव्या वर्षीं हट्टानें मागितलेलें पिलूं मूल पदवीधर होऊन परगांवीं गेल्यावरही घरींच राहतें, आणि उंदीर वितळविण्याचें काम आईवडिलांकडे येतें. नको झाला म्हणून तो रानांत सोडूं नये. ग्रँड केमन बेटावर बाहेरून आलेल्या या सापानें ठाण मांडलें आहे. ऑस्ट्रेलियानें तो बाळगण्यास बंदीच केली आहे. खुद्द न्यू जर्सींत रानांतला हा साप संकटग्रस्त गणला जातो, तर जॉर्जियांत तो तेथलाच असल्यामुळें घरीं पाळतां येत नाहीं. तेव्हां राहत्या ठिकाणचा कायदा पाहून, पिंजऱ्यांत जन्मलेलेंच पिलूं घ्यावें. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें येथले साप पकडून घरीं ठेवतां येत नाहींत. परसांत एखादा तस्कर दिसला तर मुलांना दुरून दाखवावा आणि त्याला त्याच्या वाटेनें जाऊं द्यावें.