एक्स-रे स्पष्ट का येत नाही?

आपल्या जिल्ह्यात एक्स-रेला अजूनही ‘फोटो’च म्हणतात. पालम, सोनपेठ, जिंतूरकडून आलेला रुग्ण टेबलावर झोपता झोपता सांगतो, “साहेब, पॉवर जरा जास्त लावा, फोटो साफ आला पाहिजे.” एक्स-रे विभागात काम करताना हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. त्यामागची तळमळ खरी असते. दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे भरून माणूस आलेला असतो. परंतु जास्त किरण म्हणजे जास्त स्पष्ट चित्र, ही समजूत बरोबर नाही. किरण योग्य ताकदीचे, योग्य मापाचे आणि हव्या त्या जागेपुरतेच असले, तर चित्र चांगले येते.

किरण कसे तयार होतात?

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना हे किरण सापडले. ते नेमके काय आहेत हे ठाऊक नसल्याने त्यांनी त्यांना ‘एक्स’ म्हटले. मराठीत ते ‘क्ष-किरण’ झाले. या शोधासाठी १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आजच्या यंत्राचे मूळ तत्त्व तेच आहे. हवा काढून घेतलेल्या नळीत एक तार तापवली जाते. तिच्यातून निघालेले इलेक्ट्रॉन हजारो व्होल्टच्या दाबाने टंगस्टन धातूवर आदळतात. त्यातील सुमारे ९९ टक्के शक्तीची नुसती उष्णता होते. जेमतेम एक टक्का शक्तीचे क्ष-किरण बनतात.

दाब आणि प्रमाण

तंत्रज्ञ यंत्रावर मुख्यतः दोन आकडे लावतो. विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण घेऊ. पाणी वावराच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचेल की नाही, हे दाबावर ठरते; एकूण किती पाणी पडले, हे धार किती मोठी आणि मोटार किती वेळ चालली यावर ठरते.

एक्स-रेमधला दाब म्हणजे किलोव्होल्ट. हाताच्या पंजाला साधारण ५० किलोव्होल्ट पुरतात. जाडजूड कंबरेला ७५ ते ८५ लागतात. दाब कमी पडला तर किरण शरीरातच अडकतात, म्हणजे रुग्णाला किरण मिळतात पण चित्र मिळत नाही. दाब फार वाढवला तर किरण हाड आणि मांस दोन्हींतून जवळजवळ सारखेच पार होतात. मग हाड पांढरे, मांस करडे, हवा काळी हा फरकच पुसट होतो. ‘पॉवर जास्त लावा’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

किरणांचे प्रमाण मात्र विजेचा प्रवाह आणि वेळ यांवर ठरते. ते कमी पडले तर चित्र रवा पसरल्यासारखे दाणेदार दिसते. तेवढेच किरण मोठ्या प्रवाहाने क्षणार्धात देता येतात किंवा लहान प्रवाहाने सावकाश. लहान मूल किंवा धाप लागलेला रुग्ण स्थिर राहू शकत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेळ कमीत कमी ठेवावा लागतो; नाहीतर चित्र हलते.

चाळणी आणि झडपा

नळीतून निघणारे सगळेच किरण उपयोगी नसतात. अगदी दुबळे किरण कातडीतच जिरतात; चित्राला त्यांचा काही उपयोग नाही. पिठातला कोंडा चाळून काढावा तसे ते ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने आधीच गाळून टाकतात.

पुढे शिशाच्या झडपा असतात. टेबलावर अंगावर पडणारा दिव्याचा चौकोन आपण पाहिला असेल. जेथे तो प्रकाश पडतो तेवढ्याच जागेवर किरण पडतात. दुखते मनगट आणि चौकोन कोपरापर्यंत, असे होऊ नये. कारण किरण शरीरावर पडले की काही इकडेतिकडे विखुरतात. धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावला तर रस्ता दिसण्याऐवजी समोर पांढरा पडदा येतो. विखुरलेले किरण चित्रावर तसाच पडदा धरतात. चौकोन लहान केला की पडदा विरळ होतो आणि रुग्णाला किरणही कमी मिळतात. पोट, कंबर अशा जाड भागांसाठी शिशाच्या बारीक पट्ट्यांची जाळी वापरून हे भरकटलेले किरण अडवतात.

संगणकामुळे लपणारी चूक

जुन्या फिल्मवर किरण जास्त झाले की ती काळीकुट्ट येई आणि चूक लगेच कळे. आता चित्र संगणकावर येते आणि संगणक उजेड-अंधार आपोआप जुळवून घेतो. कमी किरण दाणेदार चित्रातून ओळखू येतात. जास्त किरण मात्र सुंदर चित्राआड लपतात. म्हणून चित्रासोबत यंत्र जो किरणमात्रेचा आकडा दाखवते, तो तंत्रज्ञाने दरवेळी पाहायला हवा.

भिण्याचे मात्र कारण नाही. मोठ्या माणसाच्या छातीच्या एका एक्स-रेत सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट किरण मिळतात. निसर्गातून आपल्याला तेवढे किरण साधारण तीन दिवसांत मिळतच असतात. कंबरेच्या मणक्यांच्या तपासणीत मात्र याच्या कितीतरी पट मिळतात. गरज असेल तर एक्स-रे जरूर काढावा. निष्काळजीपणामुळे तो पुन्हा काढावा लागू नये, एवढेच.

आपल्या हातात काय आहे?

छातीच्या एक्स-रेला सांगताच पूर्ण श्वास भरून रोखावा. अर्धवट श्वासात हृदय मोठे दिसते आणि फुप्फुसाच्या तळाशी नसलेले डाग दिसल्याचा भास होतो. मंगळसूत्र, तावीज, करदोटा काढून ठेवावा. स्त्रियांनी वेणी वर बांधावी. मानेवरून खाली आलेल्या वेणीची सावली फुप्फुसाच्या टोकावर पडते, आणि क्षयाचा डाग बहुधा तेथेच शोधायचा असतो.

दिवस गेल्याची शंका असेल तर बाईंनी आधी सांगावे. नातेवाइकांनी खोलीत गर्दी करू नये. मुलाला धरायला थांबावेच लागले तर शिशाचा ॲप्रन मागून घ्यावा. एक्स-रे यंत्र चालवायला १९८३ साली स्थापन झालेल्या, मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तो आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा.

आणि जुने एक्स-रे गुंडाळून माळ्यावर टाकू नयेत. फिल्म असो वा मोबाईलमधले चित्र, डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्यावे. जुन्या चित्राशी ताडून पाहिले की डाग नवा की जुना हे कळते, आणि पुष्कळदा नवा एक्स-रे काढण्याची गरजच उरत नाही.