धूळ, वंगण आणि दंतचक्रे

रेडिओ-लहरींच्या साहाय्याने दुरून चालवता येणारी छोटी मोटारगाडी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. नाशिकला आमच्या शेजारी राहणाऱ्या नववीतल्या एका मुलाने अशी गाडी शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनासाठी स्वतः जुळवली होती. रोज संध्याकाळी तो ती गोदाकाठच्या मुरमाड जागेत पळवी. गाडीला तो फार जपे. दर रविवारी तिच्या उघड्या दंतचक्रांना बोटाने भरपूर ग्रीज लावी. तरीही महिन्याभरात गाडी घरघरू लागली आणि प्रदर्शन आठवड्यावर आले असताना बंदच पडली. मोटर फिरे, पण चाके हलेनात.

“सर, मी वंगण कधीच कमी पडू दिलं नाही!” तो रडवेला होऊन म्हणाला.

गाडी उघडून पाहिली. मोटरच्या दांड्यावरचे लहान चक्र पितळेचे होते आणि त्यात अडकून फिरणारे मोठे चक्र नायलॉनचे. झिजले असेल ते मऊ नायलॉन, असे तुम्हाला वाटेल. घडले होते नेमके उलटे! नायलॉनचे दाते नुसते काळपट झाले होते; पितळेचे दाते मात्र झिजून सुरीच्या पात्यासारखे पातळ झाले होते. असे का व्हावे?

धुळीचा कण किती कठीण?

नाशिकच्या परिसरातील खडक म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. पांडवलेणी याच खडकात कोरलेली आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन तो तयार झाला. त्याचाच भुगा वाऱ्याबरोबर आणि चाकांबरोबर उडत असतो.

पदार्थांचे काठिण्य मोजण्यासाठी फ्रीडरिख मोहस् या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली एक श्रेणी सुचवली. तीत शंखजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १० हा क्रमांक आहे. अधिक कठीण पदार्थ कमी कठीण पदार्थावर ओरखडा काढतो, एवढेच तिचे तत्त्व. बेसॉल्टमधील मुख्य खनिजांचे काठिण्य ५ ते ६ असते. या खडकाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या गारगोटीसारख्या खनिजांचे तर ७ च्या आसपास. पितळेचे मात्र ३ ते ४! म्हणजे धुळीचा जवळजवळ प्रत्येक कण पितळेच्या दृष्टीने एक बारीकशी कानसच होय.

मऊ वाचते, कठीण झिजते

पण मग नायलॉन कसे वाचले? याचे उत्तर तुमच्या आजीला ठाऊक असेल. पूर्वी पितळेची भांडी काथ्याच्या चोथ्याला माती किंवा राख लावून घासत. मऊ चोथा मातीचे कण धरून ठेवी आणि ते कण भांड्याला घासत. पृष्ठभाग किंचित खरवडला जाई, म्हणून तर भांडे लखलखे.

दंतचक्रांतही तेच घडते. दोन दात्यांमध्ये सापडलेला कण मऊ नायलॉनमध्ये रुततो आणि तेथेच पक्का बसतो. त्याचे टोक बाहेर राहते आणि समोरच्या पितळी दात्याला दर फेरीला ओरबाडते. नायलॉनचा दाता जणू पॉलिश पेपर बनतो.

आता थोडे गणित करू. समजा, लहान चक्राला १२ दाते आहेत, मोठ्याला ६०, आणि मोटर मिनिटाला १५,००० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला २५० फेरे. तेव्हा लहान चक्राच्या प्रत्येक दात्याला सेकंदात २५० वेळा घासावे लागते. मोठ्याच्या दात्याला फक्त ५० वेळा. दहा मिनिटांच्या खेळात हे आकडे दीड लाख आणि तीस हजार होतात. बिचाऱ्या लहान चक्रावर दुहेरी संकट!

वंगणाने घात केला

वंगणाचे काम घर्षण कमी करणे हे खरे. पण उघड्यावरचे चिकट ग्रीज उडणारा प्रत्येक कण पकडून ठेवते. बैलगाडीच्या कण्याचे किंवा सायकलच्या साखळीचे वंगण काळे पडलेले तुम्ही पाहिले आहे ना? त्या काळेपणात धूळ आणि झिजलेल्या धातूचा चुरा असतो. ग्रीज आणि दगडाचा भुगा एकत्र आला, की घासण्याचा मलमच तयार होतो. आमच्या मित्राने दर रविवारी चक्रांना नकळत तोच लावला होता. कोरड्या दात्यांवरून निदान काही कण तरी झटकले जातात.

म्हणून नियम असा: चक्रे बंद पेटीत असतील तर ग्रीज जरूर लावा, धुळीत उघडी फिरणार असतील तर नायलॉनची चक्रे कोरडी ठेवा आणि खेळ संपताच मऊ ब्रशने झाडा. सर्वांत उत्तम म्हणजे त्यांवर झाकण बसवा. झाकणात खडा शिरला तर तो तेथेच फिरत राहतो आणि दात्यांत पाचरीसारखा बसून दाता तोडतो. म्हणून झाकणही अधूनमधून उघडून पाहावे.

बंद पेटीलाही एक खोड असते: ती श्वास घेते! गाडी पळताना पेटीतील हवा ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापली आणि नंतर ३० अंशांपर्यंत निवली असे समजा. केल्विनमध्ये हे तापमान ३३३ वरून ३०३ होते. दाब तोच राहिला तर हवेचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी घटते आणि तेवढी हवा आसाजवळच्या फटीतून आत ओढली जाते, तेथे बसलेल्या धुळीसकट. म्हणून गाडी थांबताच आसाभोवतालची जागा आधी पुसावी. तापलेल्या गाडीवर गार पाणी तर मुळीच ओतू नये.

चंद्रावरची धूळ

हाच प्रश्न चंद्रावरही आला होता. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ च्या अंतराळवीरांच्या गाडीचा मागचा एक मडगार्ड हातोडा अडकून तुटला आणि अंगावर, उपकरणांवर धुळीचा वर्षाव होऊ लागला. तेव्हा त्यांनी जाड कागदाचे नकाशे चिकटपट्टीने जोडून नवा मडगार्ड बनवला! चाकांतील दंतचक्रांची मात्र चिंता नव्हती. ती मुळातच हवाबंद पेट्यांत बसवलेली होती. आत आलेल्या धुळीशी झगडण्यापेक्षा तिला बाहेर ठेवणे सोपे.

करून पाहा

मैदानातील चिमूटभर धूळ कागदावर पसरून कागदाखालून चुंबक फिरवा. काही काळे कण चुंबकामागे धावतील. ते बेसॉल्टमधील मॅग्नेटाइट. मग पितळेचा एखादा टाकाऊ तुकडा घ्या. त्याची एक बाजू नुसत्या ओल्या फडक्याने घासा आणि दुसरी त्याच फडक्यावर धूळ घेऊन. दोन्ही बाजू भिंगातून पाहा आणि फडके किती झिजले तेही पाहा.

आमच्या मित्राने नवे पितळी चक्र आणले, प्लास्टिकच्या डबीचे झाकण कापून दंतचक्रांवर बसवले आणि गाडी प्रदर्शनात नेली. गाडीशेजारी त्याने ते झिजलेले चक्र आणि एक भिंग ठेवले होते.