गोल्फमधील गैरवर्तन आणि दंड : १९२१ ते २०२५

गोल्फमध्ये प्रत्येक गटामागे पंच फिरत नाही. आपल्या हातून घडलेला नियमभंग खेळाडूने आपणच सांगायचा, सोबत खेळणाऱ्याने त्याचे फटके स्कोअरकार्डावर मांडायचे आणि फेरी संपली की दोघांनी त्या कार्डावर सही करायची, अशी या खेळाची घडण आहे; त्यामुळे नियमभंगाबद्दल वाढणारा एकेक फटका, म्हणजेच दंडाचा फटका, सर्वांदेखत कार्डावरच नोंदला जातो. गैरवर्तनाच्या बाबतीत मात्र व्यावसायिक गोल्फने नेमकी उलट वाट धरली. शिवीगाळ, गोल्फस्टिक भिरकावणे, मैदानाची नासधूस यांबद्दलचा दंड पैशांत आकारला गेला, तो बंद दाराआड ठरवला गेला आणि तो झाला की नाही हेही बहुतेक वेळा प्रेक्षकांना कळू दिले गेले नाही. व्यावसायिक गोल्फपटूंना अशा वर्तनाबद्दल शिक्षा व्हावी का, या वादाचा शंभर वर्षांचा मागोवा घेतला असता शिक्षा किती कडक असावी यावर जेवढा खल झाला, तेवढा ती उघड असावी की नाही यावर झाला नाही, असे दिसते. आणि खरी गोम तिथेच आहे.

बॉबी जोन्स हा अमेरिकन खेळाडू अखेरपर्यंत हौशीच राहिला, तरी या इतिहासाचा आरंभ त्याच्यापासूनच करावा लागतो, कारण संतापी खेळाडू आणि सभ्य खेळाडू या दोन्ही प्रतिमा गोल्फला त्याच्याकडूनच मिळाल्या. १९२१ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, तो स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर ब्रिटिश ओपन खेळत होता. तिसऱ्या फेरीतील पहिल्या नऊ भोकांना त्याला ४६ फटके लागले आणि अकराव्या भोकापाशी त्याचा चेंडू बंकरमध्ये, म्हणजे मैदानात मुद्दाम राखलेल्या वाळूच्या खड्ड्यात, असा रुतला की त्याने अधिकृत खेळ तिथेच सोडून दिला. त्याला शिक्षा कोणी केली नाही. कार्ड पुरे न केल्याने तो स्पर्धेबाहेर गेला, एवढेच. चारच वर्षांनी, १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये, लांब गवतात आपला चेंडू किंचित हलल्याचे त्याने आपणहून सांगितले आणि दुसऱ्या कोणीही ते पाहिलेले नसताना एका फटक्याचा दंड कार्डावर लिहून घेतला. चार फेऱ्यांअखेर त्याची विली मॅकफार्लेनशी बरोबरी झाली आणि निकालासाठी खेळवलेल्या जादा फेऱ्यांत तो एका फटक्याने हरला. सेंट अँड्र्यूजने १९५८ मध्ये त्याला आपल्या नगराचे सन्माननीय नागरिकत्व दिले. या चरित्रातून गोल्फजगताने असा बोध घेतला की खेळाडूचा स्वभाव वयानुसार आपोआप निवळतो आणि शिस्त बाहेरून लादावी लागत नाही. एका असामान्य माणसाबद्दल खरी असलेली गोष्ट पुढे साऱ्या व्यवसायाचे धोरण ठरावी, हे दुर्दैव होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर बक्षिसाच्या रकमा वाढल्या, खेळ दूरचित्रवाणीवर आला आणि राग हाही पाहण्याचा विषय झाला. १९५८ च्या अमेरिकन ओपनचा विजेता टॉमी बोल्ट हा खेळापेक्षा संतापासाठीच अधिक ओळखला गेला. १९६० च्या अमेरिकन ओपनमध्ये, कोलोरॅडोतील चेरी हिल्स मैदानाच्या अठराव्या भोकावर चेंडू पाण्यात घालवल्यावर त्याने आपली गोल्फस्टिकही तळ्यात फेकली आणि ते छायाचित्र जगभर गाजले. पंचावन्न वर्षांनी, मार्च २०१५ मध्ये, फ्लोरिडातील डोराल मैदानावर रोरी मॅकिलरॉयनेही तेच केले, तेव्हा पाणबुड्याकरवी ती स्टिक वर काढण्यात आली आणि मैदानाचे मालक डोनाल्ड ट्रम्प यांनी ती त्याला समारंभपूर्वक परत केली. तळ्यात पडलेल्या स्टिकने कोणाचेही नुकसान होत नाही आणि त्यासाठी कोणाला धारेवर धरण्याचेही कारण नाही. परंतु चुकीच्या वर्तनाचा असा सोहळा झाल्यावर त्याच आठवड्यात दुसऱ्या एखाद्या खेळाडूला शिस्तीचे धडे देण्याचा नैतिक अधिकार आयोजकांकडे उरत नाही.

अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांची मालिका चालवणारी पीजीए टूर ही संघटना व्यावसायिकाला न शोभणारे वर्तन या सदराखाली दंड करते, पण त्याचा उच्चार करत नाही. ही गुप्तता किती खोल होती, हे २०१० मध्ये अपघातानेच उघड झाले. दोन मोठ्या स्पर्धांचा विजेता जॉन डॅली याने एका वृत्तपत्राविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा लावला होता आणि त्या दाव्याच्या ओघात टूरने त्याच्याविषयी ठेवलेली ४५६ पानांची फाईल न्यायालयाच्या दप्तरात दाखल झाली. पाच वेळा निलंबन, अशोभनीय वर्तनाचे ११ ठपके, मन लावून न खेळल्याचे २१ ठपके आणि सुमारे एक लाख डॉलरचा एकूण दंड, असा तो हिशेब होता. १९९१ पासूनच्या कारकिर्दीत मिळून झालेला हा दंड. याउलट अलीकडे प्लेअर्स चॅम्पियनशिप या एकाच स्पर्धेचा विजेता ४५ लाख डॉलर घेऊन जातो. रक्कम किरकोळ होती, हा मुद्दा आहेच, पण त्याहून मोठी बाब अशी की त्या सर्व वर्षांत प्रेक्षकांना, सहखेळाडूंना आणि नव्याने येणाऱ्या मुलांना एवढेच दिसत राहिले की डॅली वाटेल तसे वागतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. ज्या शिक्षेची वार्ता कोणाला कळतच नाही, ती दुसऱ्या कोणाला आवर घालू शकत नाही आणि शिक्षा करणाऱ्यालाही पक्षपाताच्या संशयातून सोडवत नाही.

युरोपियन टूरने एकदा तरी याहून मोकळा मार्ग स्वीकारला. फेब्रुवारी २०११ मध्ये दुबईतील स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी टायगर वुड्स बाराव्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या अत्यंत बारीक कापलेल्या हिरवळीवर, थुंकला. कॅमेऱ्याने ते टिपले, समालोचकाने तिथल्या तिथे नापसंती व्यक्त केली आणि दुसऱ्याच दिवशी टूरने त्याला आचारसंहितेच्या भंगाबद्दल दंड केल्याचे जाहीर केले. आकडा सांगितला नाही, तरी दंड झाला हे तरी सांगितले. वुड्सने माफी मागितली आणि प्रकरण मिटले. जगातील सर्वात नामवंत खेळाडूला उघडपणे दंड केल्याने ना स्पर्धेचे काही बिघडले, ना खेळाडूचे.

नियमपुस्तकाकडे वळल्यास तेथेही बराच काळ हात आखडताच होता. शिष्टाचाराचा विभाग पुस्तकात असे, पण तो उपदेशाच्या स्वरूपात. त्याचा भंग झाला तर काय, याला उत्तर नव्हते. २००४ मध्ये शिष्टाचाराच्या गंभीर भंगाबद्दल स्पर्धा चालवणाऱ्या समितीला खेळाडूस बाद करण्याचा अधिकार मिळाला. मात्र एकीकडे काहीच नाही आणि दुसरीकडे थेट हकालपट्टी, असे दोनच पर्याय हाती असले की कोणतीही समिती पहिलाच पर्याय निवडते. जून २०१८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील शिनेकॉक हिल्स मैदानावरच्या अमेरिकन ओपनमध्ये, फिल मिकलसनने तेराव्या ग्रीनवर उताराने निघालेल्या चेंडूमागे धावत जाऊन तो चालता असतानाच पुन्हा मारला आणि आपण नियमाचा फायदा घेतला असे नंतर स्पष्टपणे सांगितले. त्याच्या कार्डावर दोन फटक्यांचा दंड चढला, त्या भोकाचे एकूण १० फटके झाले आणि तो खेळत राहिला. त्याला बाद करावे, अशी मागणी पुष्कळांनी केली. ती टोकाची होती. दोन फटके कार्डावर चढले, सर्वांनी ते पाहिले आणि निकालावर त्याचा भार पडला, हीच खरी शिक्षा होती. काही दिवसांनी मिकलसनने माफीही मागितली.

२०१९ च्या नव्या नियमपुस्तकाने या पेचातून वाट काढली, पण अर्धीच. नियम १.२ प्रमाणे खेळाडूने प्रामाणिकपणे वागावे, इतरांचा विचार करावा आणि मैदानाची काळजी घ्यावी, अशी अपेक्षा आहे व गंभीर गैरवर्तनाबद्दल समिती त्याला बाद करू शकते. त्याहून सौम्य शिक्षा, म्हणजे एक किंवा दोन फटक्यांचा दंड, द्यायची असेल तर मात्र समितीने तशी आचारसंहिता त्या स्पर्धेपुरती आधी जाहीर केलेली असावी लागते. नियमासोबतचे स्पष्टीकरण वाचण्यासारखे आहे. रागाने स्टिक जमिनीवर आपटणे आणि त्यात गवताला थोडी इजा होणे हे गंभीर गैरवर्तन मानलेले नाही. ग्रीनची मुद्दाम मोठी नासधूस करणे, दुसऱ्या खेळाडूच्या किंवा प्रेक्षकाच्या दिशेने स्टिक फेकणे आणि वारंवार असभ्य वा अपमानकारक भाषा वापरणे हे मात्र गंभीर मानले आहे.

या नियमाची परीक्षा महिन्याभरातच झाली. फेब्रुवारी २०१९ च्या आरंभी सौदी अरेबियातील स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत स्पेनच्या सर्जिओ गार्सियाने चिडून पाय घासत आणि पटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू हळूच ढकलण्याची स्टिक, आपटत काही ग्रीन खराब केले. ग्रीनवरचा बारीकसा ओरखडाही मागून येणाऱ्या खेळाडूचा चेंडू वळवू शकतो. म्हणजे इथे राग एकाचा, पण भुर्दंड दुसऱ्याला. युरोपियन टूरने गार्सियाला बाद केले, त्याने माफी मागितली आणि टूरप्रमुखांनी प्रकरण संपल्याचे सांगितले. पुढे निलंबन झाले नाही म्हणून टीका झाली. तरीही ज्या मैदानावर अपराध घडला त्याच मैदानावर आणि त्याच स्पर्धेत त्याची किंमत मोजली गेली, ही या शतकाच्या इतिहासातील विरळा आणि योग्य घटना मानावी लागते.

शिवीगाळीचा प्रश्न याहून अवघड आहे. खणलेला ग्रीन दाखवता येतो. शिवी ज्याच्या कानावर पडते त्यालाच ती कळते. अमेरिकन ओपनच्या पहिल्या दोन दिवशी १५६ खेळाडू मैदानात असतात, पण कॅमेरे आणि मायक्रोफोन आघाडीवरच्या मोजक्यांच्याच मागे असतात, आणि त्यामुळे शिवीला फटक्याचा दंड लावला तर तो व्यवहारात जो जिंकत आहे त्यालाच बसेल. सोबतच्या खेळाडूने तो लावावा म्हटले, तर प्रतिस्पर्ध्याच्या पुटपुटण्याकडे कान लावून बसण्याची नवी सवय खेळात शिरेल. शिवाय स्पॅनिश किंवा कोरियन भाषेतली शिवी इंग्रजी जाणणाऱ्या अधिकाऱ्याला कळणार नाही. म्हणून चुकलेल्या फटक्यानंतर स्वतःवरच चिडून तोंडातून निघालेल्या शब्दाला कार्डावर स्थान नसावे, हेच न्याय्य ठरते. एखाद्या समाजगटाला हिणवणारी शिवी मात्र या सवलतीत बसत नाही. २०१४ मध्ये शांघायला पॅट्रिक रीडने आणि जानेवारी २०२१ मध्ये हवाईतील कापालुआला जस्टिन थॉमसने, दोघांनीही ग्रीनवरचा छोटा फटका चुकल्यावर स्वतःलाच उद्देशून, समलिंगी व्यक्तींना हिणवणारा शब्द उच्चारला आणि तो प्रक्षेपणात ऐकू गेला. दोघांनी माफी मागितली. थॉमसच्या बाबतीत खरी शिक्षा टूरकडून नव्हे, तर राल्फ लॉरेन या कपड्यांच्या कंपनीकडून झाली, कारण तिने त्याचे प्रायोजकत्व काढून घेतले. खेळाच्या शिस्तीचा निवाडा अशा रीतीने बाजारावर सोपवला जाणे ही संघटनेच्या दृष्टीने नामुष्कीच होय.

मराठी वाचकाला परिचित असलेल्या क्रिकेटने ही कोंडी वेगळ्या रीतीने फोडली आहे. मेरिलिबोन क्रिकेट क्लबने १ ऑक्टोबर २०१७ पासून अमलात आणलेल्या ४२ व्या नियमात गैरवर्तनाच्या चार पायऱ्या आहेत. असभ्य भाषा आणि मैदानाची वा साहित्याची जाणूनबुजून हानी या पहिल्या पायरीवर येतात, त्यासाठी आधी ताकीद आणि पुन्हा घडल्यास प्रतिस्पर्धी संघाला पाच धावा मिळतात, आणि सर्वात वरच्या पायरीवर खेळाडूला सामन्यातून बाहेर काढले जाते. क्रिकेटमध्ये खेळपट्टीजवळ पंच उभा असतो, हा फरक विसरून चालणार नाही. पण ताकीद, मग धावफलकावर दिसणारा दंड आणि शेवटी हकालपट्टी, हा चढता क्रम गोल्फला सहज उचलता येण्याजोगा आहे आणि २०१९ च्या नियमाने त्यासाठी जागाही करून ठेवली आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात या सैल व्यवस्थेचे आणखी एक दर्शन घडले. मे महिन्यात पीजीए चॅम्पियनशिपमध्ये विंडहॅम क्लार्कने फेकलेला ड्रायव्हर, म्हणजे सर्वात लांब पल्ल्याची स्टिक, मागच्या जाहिरातफलकावर जोरात आदळला. जवळच स्वयंसेवक उभा होता. क्लार्कच्या कार्डावर एकही फटका वाढला नाही. महिन्याभराने पेनसिल्व्हेनियातील ओकमाँट क्लबवर झालेल्या अमेरिकन ओपनमध्ये अखेरच्या दोन फेऱ्यांतील प्रवेश हुकल्यावर त्याने तेथील जुने लॉकर फोडले. हे फेरीनंतर घडल्यामुळे फटक्यांचा दंड तिथे लागूच होत नव्हता, आणि क्लार्कने माफीही मागितली. जुलैमध्ये ओकमाँटने त्याला आपल्या आवारात बंदी केल्याचे सदस्यांना कळवले व परत यायचे असल्यास नुकसानाची पूर्ण भरपाई, क्लब ठरवील त्या धर्मादाय संस्थेला देणगी आणि रागावर ताबा मिळवण्यासाठी समुपदेशन, अशा अटी घातल्या. अपराध, शिक्षा आणि सुटकेची वाट, तिन्ही गोष्टी लोकांसमोर आल्या. मात्र त्या एका यजमान क्लबने आणल्या, आणि स्वयंसेवकाजवळून गेलेल्या त्या ड्रायव्हरबद्दल कोणत्या समितीने काय ठरवले, हे कोणी जाहीर केले नाही.