रोजनिशी आणि कॅमेरा

रोजनिशी लिहिली जाते दिवस संपल्यावर; कॅमेरा मात्र दिवस चालू असतानाच हाती धरावा लागतो. जपानमधील व्यक्तिगत, रोजनिशीवजा चित्रपटांचा विचार करताना हा भेद दृष्टीआड करून चालणार नाही. रोजची नोंद चित्रफितीवर करण्याचे तंत्र आपल्याकडेही जुनेच आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसागणिक टिपली होती. परंतु त्या नोंदीत रोप आहे, फाळके नाहीत. ‘मी’ची रोजनिशी ही निराळी गोष्ट होय.

जपानी साहित्यात तिची परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे. दहाव्या शतकात की नो त्सुरायुकी याने ‘तोसा निक्की’ ही आपली प्रवासाची दैनंदिनी एका स्त्रीच्या मुखाने लिहिली. म्हणजे आरंभीच ‘मी’ने मुखवटा चढविलेला आहे! कवी सुझुकी शिरोयासू (१९३५–२०२२) यांचे चित्रपट पाहताना हे स्मरते. ते सार्वजनिक प्रसारण संस्थेत कॅमेरामनची नोकरी करीत. पण ‘सूर्यास्ताचे ठसे’ (१९७५) त्यांनी दुकानातून घेतलेल्या एका जुन्या कॅमेऱ्याने, केवळ स्वतःसाठी टिपला. त्यात पत्नी आहे, तान्हे मूल आहे, मावळता सूर्य आहे. आणि कॅमेरा हाती आल्याचा निर्भेळ आनंद आहे. ‘पंधरा दिवस’ (१९८०) मध्ये तो आनंद उरत नाही. रोज कॅमेऱ्यासमोर बसून बोलायचे, एवढाच नेम. मग बोलायला काही असावे म्हणून दिवस जगला जातो की काय, अशी शंका येऊ लागते. चित्रपट कंटाळवाणा होतो खरा. पण तो कंटाळा प्रामाणिक आहे.

वही कुलपात ठेवता येते. चित्रपटात मात्र दुसऱ्यांचे चेहरेही येतात. हारा काझुओ यांनी १९७४ च्या आपल्या चित्रपटात, आपल्यापासून दूर झालेल्या सहचारिणीचे ओकिनावातील जीवन, तिच्या प्रसूतीसह, दाखविले. तेथे रोजनिशी नेमकी कोणाची, हा प्रश्न मला अद्याप सुटलेला नाही.

कावासे नाओमी यांनी त्याला उत्तर दिले नाही, पण तो प्रश्न हाताने चाचपून पाहिला. ज्या वृद्ध आजीने त्यांना वाढविले, तिच्यावरील ‘कातात्सुमोरी’ (१९९४) मध्ये आजी बागेत आहे, कॅमेरा खिडकीच्या आत. कावासे काचेवरूनच तिच्या आकृतीवर बोट फिरवितात. आणि मग बाहेर जाऊन तिच्या गालाला स्पर्श करतात.