‘एबी’ आणि ‘बीए’च्या भांडणात बाणांची मध्यस्थी

बारावीत मॅट्रिक्स शिकताना एक वाक्य तुम्ही नक्की घोकलं असणार : एबी आणि बीए सारखे असतीलच असं नाही. बस्स, पुढचा धडा! पण मंडळी, क्रम बदलला की उत्तर बदलतं, मग सगळ्या मॅट्रिक्सना लागू पडणारा एकही नियम नाही का?

आहे. दोन बाय दोनच्या कुठल्याही चार मॅट्रिक्स घ्या. त्यांचा गुणाकार सगळ्या २४ क्रमांनी करा. मूळ क्रमात सम वेळा अदलाबदल करून मिळालेल्याला अधिक, विषम असेल तर उणे. बेरीज कायम शून्य! अशा नियमाला बहुपदी नित्यसमानता म्हणतात. अ‍ॅमित्सुर आणि लेवित्स्की यांनी १९५० मध्ये दाखवलं, की एन बाय एनसाठी अशा २एन मॅट्रिक्स पुरतात, त्याहून कमी नाही.

खरी गंमत १९६३ ची. रिचर्ड स्वान यांनी याच गोष्टीसाठी चक्क बाण काढले. एकच १ आणि बाकी सगळी शून्यं असलेली मॅट्रिक्स म्हणजे एक वन-वे रस्ता. पहिला रस्ता संपतो तिथूनच दुसरा सुरू होत असेल, तरच गुणाकार उरतो, नाहीतर शून्य. आणि अशा साध्या मॅट्रिक्सवर नियम तपासला, की तो सगळ्यांसाठी सिद्ध होतो.

वही काढा. दोन चौक, १ आणि २. ‘ए’ हा १ वरच फिरून येणारा रस्ता, ‘बी’ १ कडून २ कडे, ‘सी’ २ वरच, ‘डी’ परत १ कडे. प्रत्येक रस्ता एकदाच वापरून १ पासून १ पर्यंत या. दोनच वाटा सापडतील : एबीसीडी आणि बीसीडीए. पहिली सम, दुसरी विषम. कटाप! ‘डी’ काढून टाकलात तर एबीसी एकटीच उरते, म्हणून तीन मॅट्रिक्सवर भागत नाही. मला तर २४ गुणाकारांपेक्षा ही आकृती कितीतरी जास्त पटली.

आता उलटा प्रवास : आधी ग्राफ, मग त्यातून बीजगणित. लेविट पाथ अल्जिब्रा हे त्यातलंच एक. बेल, लेनगन आणि रंगास्वामी यांनी शोधलं, की ग्राफ मर्यादित असेल तर तिथे प्रश्न एकच : गोल फिरणाऱ्या एखाद्या वाटेला बाहेर पडणारा फाटा आहे का? एक जरी सापडला, तरी त्या बीजगणितात कुठलीच बहुपदी नित्यसमानता टिकत नाही. फाटाच नसेल, तर ती हमखास मिळते.