वीज कुठे अडते?

१९९२ साली वीजटंचाईने गांजलेल्या दोन ठिकाणी दोन मोठे निर्णय झाले. एप्रिलमध्ये व्हिएतनामने उत्तरेतल्या होआ बिन्ह जलविद्युत केंद्राची जादा वीज दक्षिणेला नेणाऱ्या, सुमारे दीड हजार किलोमीटर लांबीच्या ५०० केव्ही वाहिनीचे काम सुरू केले. जूनमध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकी कंपनीबरोबर दाभोळ प्रकल्पाच्या सामंजस्य करारावर सही केली. व्हिएतनामची वाहिनी मे १९९४ मध्ये चालू झाली. दाभोळचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये चालू झाला आणि दोनच वर्षांत बंद पडला.

दाभोळमध्ये मुख्य अडचण यंत्रांची नव्हती. अंजनवेलच्या किनाऱ्यावर प्रकल्प उभा राहिला. चूक कागदावर झाली होती. वीज लागो न लागो, ठरलेली रक्कम मंडळाने द्यायची. तीही डॉलरशी बांधलेली. १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये तो ४७ वर गेला. इंधन नाफ्था, म्हणजे खनिज तेल महागले की वीजही महाग. एवढी वीज घ्यायची तर मंडळाला आपलीच स्वस्त कोळशाची केंद्रे मागे ठेवावी लागणार, हा आक्षेप जागतिक बँकेने १९९३ मध्येच घेतला होता आणि कर्ज नाकारले होते. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या अभ्यासकांनी आकडेमोड करून हेच लोकांपुढे मांडले. तरीही करार पुढे रेटला गेला. स्पर्धात्मक निविदा नव्हत्या आणि कराराच्या अटी लोकांना पाहायला मिळत नव्हत्या. गुहागर तालुक्यातल्या ज्यांनी विरोध केला त्यांच्या वाट्याला लाठ्या आणि अटका आल्या. माझ्या मते दाभोळचा सर्वांत मोठा धडा इथे आहे: ज्यांना बिल भरायचे आहे त्यांच्यापासून करार लपवला, तर चूक वेळेत सापडण्याची वाटच बंद होते. पुढे २००५ मध्ये हा प्रकल्प चालवायला रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी आली. देशी गॅस आटल्यावर तिचीही चाके थांबली.

वीज तयार आहे पण तार नाही, ही अवस्था केनियाने पाहिली. तुर्काना सरोवराजवळ ३६५ पवनचक्क्या, ३१० मेगावॉट. पवनचक्क्या २०१७ मध्ये उभ्या राहिल्या. चारशेहून अधिक किलोमीटरची वाहिनी मात्र २०१८ मध्ये पूर्ण झाली, कारण ती बांधणारी स्पॅनिश कंपनी दिवाळखोरीत गेली. करारानुसार न वापरलेल्या विजेचे पैसे केनियाच्या माथी बसले. जागतिक बँक याच भीतीने २०१२ मध्ये प्रकल्पातून बाहेर पडली होती. त्यातच २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने जमिनीचे हस्तांतरणच बेकायदा ठरवले. वारा उत्तम होता, गुरे चारणाऱ्या समाजांची संमती मात्र घाईत उरकली होती.

काँगोचा प्रकार याहून क्लेशकारक आहे. इंगा धरणांची वीज सुमारे १,७०० किलोमीटर दूर, कटांगाच्या तांब्याच्या खाणींकडे गेली. मधल्या गावांच्या डोक्यावरून तार गेली, घरात दिवा लागला नाही. खाणींना वीज मिळाली म्हणून हा प्रकल्प यशस्वी म्हणायचा का? मी म्हणणार नाही.

व्हिएतनामकडे परत यावेसे वाटते ते घराघरांतल्या विजेसाठी. १९७५ मध्ये तिथे जेमतेम अडीच टक्के घरांत वीज होती, २००९ मध्ये ९६ टक्के घरांत. सुरुवातीला गावागावांनी स्वतःच्या पैशांनी, हलक्या तारा ओढून जोडण्या घेतल्या. गळती भरपूर होती. पण वर्गणी भरलेल्या माणसाला तारेची काळजी होती, आणि नंतर सरकारने दर्जाचे नियम लावून ते जाळे सुधारत नेले. बांगलादेशाने २००३ पासून छतावरच्या छोट्या सौर संचांना हप्त्यांवर कर्ज दिले. चाळीस लाखांहून अधिक संच बसले. मग ग्रीड पोहोचले आणि अनेक संच अडगळीत गेले. दोन्ही कामे सरकारचीच, तरी एका खात्याचा आराखडा दुसऱ्याने पाहिला असता तर गरीब कुटुंबांचे हप्ते वाया गेले नसते.

वितरणाबद्दल मात्र परदेशात जाण्याची गरज नाही. आपल्याकडे डीपी जळला की शेतकरी वर्गणी काढून ट्रॅक्टरवरून तो दुरुस्तीला नेतात, हे कोणत्याही प्रकल्प अहवालात दिसत नाही. शेतीला वीज अनेकदा रात्री, तीही कमी दाबाची. मग मोटारी जळतात, बिले थकतात, तारांवर आकडे पडतात, वसुली घटते, आणि देखभालीला पैसा उरत नाही. या साखळीतली पहिली कडी शेतकऱ्याने तोडायची की वीज कंपनीने, यावर आपण वर्षानुवर्षे भांडत आहोत. मला वाटते आधी खात्रीची वीज द्यावी, मग बिल मागावे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेकडे म्हणून मी आशेने पाहतो. उपकेंद्राजवळच सौरप्रकल्प असल्याने लांबच्या वाहिनीचा खर्च वाचतो, शेतीची वाहिनी वेगळी असते, आणि पंप दिवसा चालतात. २०२३ पासून तिने वेग घेतला. पण यासाठी गायरानेही घेतली जात आहेत, आणि गायरानावर शेळ्यामेंढ्या चारणारे धनगर, सरपण गोळा करणाऱ्या बाया, वर्षानुवर्षे अतिक्रमण करून ते कसणारे भूमिहीन यांच्या नावे सातबारा नसतो. ग्रामसभेचा ठराव होताना ते तिथे असतात का, हे जिल्हा प्रशासनाने कामाचा आदेश काढण्याआधी तपासायला हवे.