न थांबणारा सूर

करमाळा तालुक्यात उजनी धरणाच्या पाण्याला लागून केत्तूर, चिखलठाण, कुगाव अशी गावे आहेत. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. आज त्याच्या काठाने पाण्याच्या मोटारींची रांग दिसते. या मोटारींची आपल्याला पुढे गरज पडणार आहे, म्हणून त्या ध्यानात असू द्या.

अशाच एका काठच्या गावातील शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम चालू होती. भजन बसवले जात होते. साथीला पेटीऐवजी कीबोर्ड होता. तो तारेने संगणकाला जोडलेला होता आणि पेटीचा आवाज संगणकातून निघत होता. गाणारा मुलगा म्हणाला, "काळी एक खाली जातेय, काळी दोन घे." वाजवणाऱ्याने उजवे बोट षड्जावर तसेच ठेवून डाव्या हाताने पट्टी बदलण्याचे बटण दाबले आणि मग बोट उचलले. सूर थांबेना! स्पीकरचा आवाज बारीक करून पुन्हा वाढवला, तरी सूर आपला चालूच. "सर, कीबोर्ड गेला," मुले म्हणाली.

कीबोर्ड गेला नव्हता आणि संगणकही बिघडला नव्हता. मग झाले काय?

आधी साधी पेटी पाहू. पट्टी दाबली की तिच्यामागची झडप उघडते, भात्यातील हवा पितळी जिभेवरून वाहते आणि जीभ कंप पावते. बोट उचलताच स्प्रिंग झडप मिटवते. पेटीची पट्टीही कधी कधी अडकते, हे खरे. पण भाता थांबला की तिचा आवाज मरतोच. दाराच्या घंटीचेही असेच. दाबली आहे तोवर वाजते.

मोटारीचा स्टार्टर मात्र निराळा. हिरवे बटण दाबून सोडले, तरी मोटार चालूच राहते. कारण आत ओढला गेलेला संपर्क स्वतःच्याच वेटोळ्याला वीज पुरवीत राहतो. मोटार थांबवायची तर लाल बटण दाबायला हवे (किंवा वीज जायला हवी, आणि ती आपल्याकडे जातेच!). 'चालू हो' आणि 'बंद हो' या दोन स्वतंत्र आज्ञा आहेत. मोबाईलवरून चालणारा स्टार्टर असेल आणि नेमकी 'बंद हो' ही आज्ञा रेंज नसल्यामुळे पोचली नाही, तर पाणी बांध ओलांडून शेजाऱ्याच्या उसात जाते आणि दुसऱ्या दिवशी भांडण होते.

संगणकाला जोडलेला कीबोर्ड या स्टार्टरच्या जातीचा आहे. तारेतून आवाज जात नाही, आकडे जातात. १९८३ साली वाद्यांसाठी 'मिडी' नावाची एक सामाईक भाषा ठरली. तिच्यात प्रत्येक स्वराला ० ते १२७ पैकी एक क्रमांक आहे. मधल्या सप्तकातील काळी एक म्हणजे ६१. ती दाबली की तीन आकडे निघतात: १४४ म्हणजे 'वाजव', ६१ म्हणजे 'कोणता स्वर' आणि तिसरा 'किती जोरात'. बोट उचलले की १२८, म्हणजे 'थांबव', आणि पुन्हा ६१. या दोहोंच्या मध्ये तारेत काहीही नसते. बोट अजून पट्टीवर आहे की नाही, हे संगणकाला ठाऊक नसते. त्याला सांगितले तेवढेच तो जाणतो.

आता आपल्या तालमीकडे या. दाबताना '६१ वाजव' अशी आज्ञा गेली. मधेच पट्टी दोन अर्धस्वरांनी चढली. उचलताना '६३ थांबव' अशी आज्ञा गेली. ६३ तर वाजतच नव्हता! ६१ ला कोणी थांबवलेच नाही. (चांगले कीबोर्ड दाबतानाचा क्रमांक लक्षात ठेवतात. हा ठेवत नव्हता.) मी मुलाला पट्टी पूर्ववत करायला लावली आणि तीच कळ एकदा दाबून सोडायला सांगितली. '६१ थांबव' ही आज्ञा गेली आणि सूर गप्प झाला.

तुम्ही विचाराल, पियानोचा आवाज लावला असता तर? तरीही चूक झालीच असती, पण कदाचित कोणाच्या ध्यानात आली नसती. छेडलेल्या तारेला ऊर्जा एकदाच मिळते आणि कंपने आपोआप विरतात. पियानोचा नमुनाही तसाच विरतो. पेटीचा नमुना मात्र संगणक गोल फिरवून पुन्हा पुन्हा वाजवतो. त्याचा भाता कधी दमत नाही.

कळ पुन्हा दाबूनही सूर थांबला नाही, तर पायाखालचे पेडल पाहा. पेडलची आज्ञा ६४ क्रमांकाची असते, आणि तिचे मूल्य ६४ किंवा अधिक असेल, तर बोट उचलले तरी स्वर धरून ठेवला जातो. त्यानंतरचा उपाय म्हणजे बहुतेक संगीत-प्रणालींत असलेले 'पॅनिक' बटण. ते १२३ क्रमांकाची आज्ञा धाडते: 'सगळे स्वर सोड.' पण पेडल दाबलेले असेल, तर हिलाही स्वर दाद देत नाहीत. १२० ही आज्ञा अधिक कडक. ती आवाज तिथल्या तिथे तोडते.

काही वाद्ये या दोन्ही आज्ञा जुमानत नाहीत. तेव्हा १६ वाहिन्यांवरील १२८ स्वरांना एकेक करून 'थांबव' सांगावे लागते, म्हणजे २,०४८ आज्ञा. जुन्या पाच टाचण्यांच्या मिडी तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात आणि एका आकड्याला १० बिट लागतात. प्रत्येक आज्ञेत तीन आकडे धरून एकूण वेळ काढा; दोन सेकंदांच्या जरासा आत येतो की नाही पाहा.

तार मधेच निसटली तर काय, याचाही विचार मिडी रचणाऱ्यांनी केला होता. काही वाद्ये स्वस्थ असतानाही दर ३०० मिलिसेकंदांच्या आत २५४ हा आकडा पाठवत राहतात. त्याचा अर्थ 'मी आहे'. तो येईनासा झाला की ऐकणारे वाद्य सगळे स्वर बंद करते. आमच्या शाळेतील सूर मात्र या युक्तीनेही थांबला नसता. तेथे तार शाबूत होती, आकडाच चुकीचा गेला होता.